जमीन घेण्याआधी एक पावसाळा आणि एक वैशाख

पुण्याच्या एका दांपत्याने विचारले आहे की, दोघांचीही वये पंचेचाळीसच्या आसपास आहेत, नोकऱ्या सोडून कोकणात एखादा एकर जमीन घ्यावी, मातीचे लहानसे घर बांधावे, स्वतःपुरते धान्य-भाजी पिकवावी आणि निसर्गाच्या सान्निध्यात, मोजक्या गरजांत पुढचे आयुष्य काढावे, असे दोघांच्या मनात पक्के बसले आहे. तर जमीन किती लागेल, पैसा किती लागेल आणि सुरुवात नेमकी कशापासून करावी? मी आणि माझी पत्नी २००३ पासून सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत असेच राहत आहोत. त्यामुळे हे उत्तर वाचून-ऐकून जमवलेले नाही. त्यातला बराचसा भाग चुकांतून हाती आलेला आहे आणि तो मी आपल्यापासून लपवणार नाही.

हे जमते. मात्र जमीन शोधण्यापासून सुरुवात करू नका, आणि घराचे चित्र काढण्यापासून तर मुळीच करू नका. आधी एखाद्या वाडीत विहीर आणि परसू, म्हणजे परसबाग, असलेले जुने घर वर्षभरासाठी भाड्याने घ्या. मुंबईकडे गेलेल्या कुटुंबांची अशी बंद घरे कोकणात गावोगाव आहेत. कोणी राहून दिवाबत्ती करत असेल, सारवण पाहत असेल, तर मालक ती आनंदाने देतात. त्या वर्षात एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण वैशाख यायलाच हवा. आम्ही इकडे येण्याचे ठरवले तेव्हा शेजारच्या वाडीतल्या काकी आम्हाला म्हणाल्या होत्या, ‘आधी एक पावस काढा, मगे जमिनीचा बगूया.’ आम्ही त्यांचे ऐकले नाही. डिसेंबरात पाहिलेली, भरल्या व्हाळाकाठची, म्हणजे ओढ्याकाठची, हिरवीगार जमीन आम्ही जानेवारीत घेतली आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो व्हाळ पूर्ण कोरडा पडलेला पाहिला.

म्हणून सर्वांत आधी पाण्याविषयी लिहितो. सिंधुदुर्गात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या प्रदेशात पाण्याची चिंता करावी लागेल, हे घाटावरच्या माणसाला पटतच नाही. पण हा पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, जांभ्याची जमीन सच्छिद्र असल्यामुळे मुरलेले पाणी उतारावरून झऱ्यांवाटे लवकर निसटते, आणि समुद्र जवळ असल्याने नद्यांची लांबीही थोडी आहे. सड्यालगतच्या, म्हणजे उंचावरच्या कातळपठाराजवळच्या, विहिरी मार्चअखेरीसच तळ दाखवू लागतात, तर सखल मळ्याकाठच्या विहिरींना मे महिन्यातही पाणी असते, आणि हा फरक कधीकधी दोनशे पावलांच्या अंतरात पडतो. जमीन कोणतीही असो, तिची खरी परीक्षा १५ ते ३० मे या पंधरवड्यात होते.

आमच्या विहिरीच्या दोरीला दर फुटावर एक गाठ मारलेली आहे. रोज सकाळी पहिला कळसा सोडताना दोरी किती गाठींवर भिजली ते पाहायचे आणि माजघरातल्या वहीत लिहायचे, हे काम आम्ही गेली वीस वर्षे करत आहोत. विहीर दहा फूट व्यासाची आहे. भर मे महिन्यात संध्याकाळी पाणी काढून तळ उघडा केला, तर सकाळपर्यंत झऱ्यांतून साधारण अर्धा फूट पाणी साठते, म्हणजे सुमारे ११०० लिटर. त्यातले २०० लिटर आम्हा दोघांच्या घरखर्चाला जातात, १०० ते १५० लिटर गुरांना, आणि उरलेल्या ७५०-८०० लिटरांत उन्हाळ्यातली भाजी जगवायची असते. कडक उन्हात चौरस मीटरला रोज पाच लिटर तरी पाणी लागते, हे गृहीत धरले तर दीडशे चौरस मीटर, म्हणजे सुमारे दीड गुंठा परसू एवढ्या पाण्यात हिरवे राहते. एक गुंठा अधिक केला की सगळेच सुकते. आम्ही ते करून पाहिलेले आहे. आपण ‘एक एकर पुरेल का’ असे विचारता, पण उन्हाळ्यातली आपली शेती किती, हे सातबाऱ्यावरचे क्षेत्र ठरवत नाही, विहिरीतला हा रात्रीचा अर्धा फूट ठरवतो.

छपरावरचे पाणी साठवण्याचा विचार आपण करालच आणि तो योग्यच आहे. शंभर चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर पाणी. अडचण एवढीच की ते आठ महिने साठवायला टाकी लागते आणि तिचा खर्च कित्येकदा घराच्या भिंतींएवढा होतो. पिण्या-स्वयंपाकापुरती दहा हजार लिटरची टाकी बांधावी आणि बाकीचे पाणी जमिनीत मुरवावे, असे माझे मत आहे. त्याहून गुणकारी म्हणजे वनराई बंधारा. पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, वाडीतली माणसे एकत्र येऊन सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-रेती भरतात आणि व्हाळाला आडवा बांध घालतात. आमच्या वाडीत ज्या वर्षी कोणाच्या तरी घरच्या लग्नसराईमुळे हा बांध राहून गेला, त्या वर्षी वहीतल्या नोंदीप्रमाणे आमची विहीर नेहमीपेक्षा जवळजवळ तीन आठवडे आधी तळाला गेली होती. माझ्या कुंपणाच्या आतल्या पाण्याचा साठा वाडीतल्या वीस माणसांच्या एका दिवसाच्या श्रमावर अवलंबून आहे, हे मला त्या वर्षी समजले.

आता वैशाखाविषयी. शहरातून पाहणाऱ्याला कोकणातले साधे जगणे म्हणजे संथ जगणे वाटते, आणि वर्षातले काही महिने ते तसे असतेही. पण मे महिना संपूर्णपणे बेगमीचा असतो आणि त्या वेळी आम्हाला दुपारी पाठ टेकायलाही वेळ मिळत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून पुढचे चार महिने काहीही वाळणार नाही, हे गृहीत धरून सगळे साठवावे लागते: आमसुले, फणसाची साठे, आंबापोळी, सांडगी मिरच्या, वर्षाचा मसाला, भाजून दळून ठेवलेले कुळथाचे पीठ, आणि मासे खाणाऱ्यांच्या घरी सुके बांगडे आणि गोलमा (सुकवलेली बारीक कोळंबी), कारण जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्याच महिन्यात कौले परतून घ्यायची, खळ्यातला, म्हणजे अंगणातला, मांडव उतरवायचा, पावसाकडच्या भिंतीला झावळ्यांची झडप बांधायची आणि लाकडे पडवीत आणून रचायची.

एकट्या आमसुलांचेच पाहा. आमच्या परसात कोकमाची, म्हणजे रतांब्याची, पाच झाडे आहेत. फळे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात आणि पावसात सापडली तर हाताशी आलेले सगळे कुजून जाते. पिकलेली फळे सकाळी काढायची, धुऊन पुसून फोडायची, बी आणि गर एका पातेल्यात आणि साल सुपात. साल दिवसभर कडक उन्हात वाळवायची, संध्याकाळी बियांच्या मीठ घातलेल्या रसात बुडवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन, रात्री पुन्हा रस. असे पाच-सात वेळा केल्यावर साल काळपट, लवचिक होते आणि बोटांत दाबली असता तिच्यातून रस येत नाही. तेव्हा ती बरणीत भरायची. उरलेल्या रसाचे आगळ होते, ते सोलकढीला वर्षभर पुरते. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेलाचा थर येतो. त्याचे गोळे वळले की मुठेल तयार होते, आणि लावणीच्या दिवसांत चिखलाने फुटलेल्या पायांना त्याहून चांगले औषध मला माहीत नाही. दुपारी चारच्या सुमारास सह्याद्रीच्या बाजूने ढग चढले की हातातले काम टाकून खळ्याकडे धावावे लागते, कारण वळवाची एक सर सहा दिवसांचे काम धुऊन नेते. एवढे करून वर्षाला आमच्याकडे तीन किलो आमसुले होतात. बाजारात ती काही शे रुपयांत मिळतील. तरीही आम्ही ती घरीच करतो, आणि या हिशोबात आपल्याला मनापासून समाधान वाटते की हा वेळ वाया गेला असे वाटते, हे त्या भाड्याच्या वर्षात प्रामाणिकपणे तपासून पाहा. समाधान वाटत नसेल तर त्यात काहीही वाईट नाही. पण ते जमीन घेण्याआधी कळलेले बरे.

भाताचे गणित सोपे आहे. दोन माणसांना वर्षाला साधारण १५० किलो तांदूळ लागतो, त्यासाठी सव्वादोनशे किलोच्या आसपास भात पिकवावे लागते, आणि वालय, बेळा, सोरटी यांसारखी गावठी वाणे सांभाळून केली तर गुंठ्याला २५ किलो उतारा धरायला हरकत नसते; म्हणजे नऊ-दहा गुंठ्यांत घरचा भात होतो. कापणीनंतर त्याच कुणग्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, उरलेल्या ओलीवर कुळीथ किंवा चवळी घेता येते, नाचणीला वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचा, उतार चालतो. गणित सोपे असले तरी वेळ कठीण असते. रोहिणी नक्षत्रात, मे महिन्याच्या अखेरीस धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेला तरवा (भाताची रोपे) एकवीस ते पंचवीस दिवसांत लावणीला येतो आणि तेव्हाच तो लावावा लागतो. दहा गुंठ्यांची लावणी हे सरावलेल्या पाच-सहा माणसांचे एका दिवसाचे काम आहे, पण आपण दोघेच उतरलात तर तेच काम आठवडाभर पुरेल, तोवर तरवा जून होईल आणि आपली कंबर धरलेली असेल. म्हणून इथे एकमेकांच्या लावणीला पाळीपाळीने जाण्याची रीत आहे. आपण शेजाऱ्याच्या चिखलात दोन दिवस वाकलात की त्याच्या घरची माणसे आपल्या कुणग्यात उतरतात. मजुरी देऊन हे काम करून घेता येते, पण लावणीच्या ऐन दिवसांत मजूर मिळत नाही आणि ज्याने कोणाच्या शेतात कधी पाय ठेवला नाही, त्याच्याकडे कोणी आधी जात नाही. शिवाय रानडुक्कर आणि वानर आपापला वाटा नेतात, त्यासाठी एक-दोन गुंठे अधिक धरावे.

तेल, साखर, मीठ, चहा, कपडे, प्रवास, वीज, फोन आणि औषधे बाहेरूनच येतात आणि येतच राहतील. संपूर्ण स्वावलंबनाची कल्पना मनातून काढून टाकावी, असा माझा आग्रह आहे, कारण तिच्यापायी मी दोन चांगली जोडपी तीन वर्षांत थकून परत गेलेली पाहिली आहेत. साधेपणाचा विचार या देशात ज्यांनी सर्वांत निष्ठेने आचरला, त्या गांधीजींची सेवाग्रामची वस्ती एकदा अवश्य पाहून या. १९३६ साली ते तिथे राहायला गेले. कुट्या माती, बांबू आणि कौलांच्या आहेत, जमिनीवर चटया आहेत; पण तिथेच त्यांचा टेलिफोनही जपून ठेवलेला आहे, आणि साप न मारता पकडून दूर नेऊन सोडण्यासाठी वापरला जाणारा लाकडी चिमटा आणि पिंजराही आहे. कोणती वस्तू कशासाठी ठेवायची याचा एवढा बारीक विचार तिथे झालेला दिसतो की, मला त्या टेलिफोनमध्ये आणि त्या चटईत विरोध वाटत नाही.

इंधनाचेही तसेच झाले. पहिल्या वर्षी आम्ही सगळे चुलीवर करायचे ठरवले. वजन करून पाहिले तेव्हा दोघांचा स्वयंपाक आणि आंघोळीचे पाणी मिळून रोज सात-आठ किलो लाकूड जात होते, म्हणजे एका पावसाळ्यालाच जवळजवळ एक टन. एवढे लाकूड दर वर्षी तोडून निसर्गाच्या जवळ राहतो असे म्हणणे आम्हाला खोटे वाटू लागले, आणि धुराने पत्नीचे डोळे सुजत ते वेगळेच. आता एक गाय, एक पाडी आणि एक म्हातारा बैल यांच्या रोजच्या पंचवीस किलो शेणावर एक घनमीटरचा गोबरगॅस चालतो; त्यावर रोज दोन-सव्वादोन तास शेगडी पेटते आणि जेवणखाण होते. आंघोळीचे पाणी नारळाच्या सोडणांवर, करवंट्यांवर आणि वाळक्या झावळ्यांवर तापते. अडीअडचणीला सिलिंडर आहेच. गुरांच्या बाबतीत एवढेच सांगतो की, कोकण कपिलासारखी इथली लहान चणीची गाय ठेवावी. ती दूध थोडे देते, पण सड्यावरच्या चरणीवर आणि चार महिन्यांच्या पावसात टिकते. आणि गाय घेतली की दोघांनी मिळून चार दिवस परगावी जाणे बंद होते, हेही आधी ठरवून ठेवा.

जमिनीच्या कायद्याबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. आपल्या किंवा आपल्या पत्नीच्या माहेरच्या सातबाऱ्यावर नाव आहे का, ते प्रथम पाहा. कोकणातली दुसरी मोठी अडचण सामाईक खात्यांची आहे. एका गटावर वीस-पंचवीस नावे असतात, त्यांतली निम्मी मुंबईत, काही वारलेली आणि वारसनोंद न झालेली. आम्हाला एका मध्यस्थाने ‘सगळ्यांची संमती आहे’ असे सांगून व्यवहार करायला लावला आणि एका चुलत भावाची सही राहिल्यामुळे पुढची सहा वर्षे आमचा फेरफार मंजूर झाला नाही. इतर हक्काच्या रकान्यात कुळ, बोजा, वनसंज्ञा किंवा खाजगी वनाचा शेरा आहे का, जमीन भोगवटादार वर्ग १ (मोकळेपणी विकता येणारी) आहे की २ (विक्रीला परवानगी लागणारी), आणि घरापर्यंतची पाणंद नकाशावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या मनावर, हे वकिलाकडून लेखी घ्या. मोजणी करून हद्दीचे दगड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका.

प्रकृतीचा विषय पंचेचाळिशीत टाळता येत नाही. रात्री विजेरीशिवाय आणि पायांत बूट असल्याशिवाय खळ्यातही उतरू नये. इथल्या कातळात आणि गडग्यांत (दगडी कुंपणांत) फुरसे हा विषारी साप असतो आणि तो अगदी लहान, मातीच्या रंगाचा असल्यामुळे दिसत नाही. दंश झाल्यास जखम कापणे, दोरी आवळणे असले काहीही न करता तो अवयव हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालय गाठावे. आपले घर आणि प्रतिसर्पविष मिळणारे रुग्णालय यांत पावसाळी रात्री किती मिनिटांचे अंतर आहे, हे स्वतः एकदा जाऊन मोजा. माझ्या दृष्टीने चाळीस मिनिटांपेक्षा अधिक असेल तर ती जागा घेऊ नये. भातशेतीच्या दिवसांत पायाला जखम असताना चिखलात उतरल्याने लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप, होऊ शकतो. सावंतवाडी-दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचेही रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडींमधून होतो आणि काजूच्या हंगामात पातेरा किंवा लाकडे गोळा करायला रानात जाणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो. आरोग्य केंद्रातून मिळणारे औषध अंगाला लावून आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच तिकडे जावे, आणि मेलेले माकड दिसल्यास ताबडतोब कळवावे.

पैशाविषयी मी आपल्याला एकच आकडा देऊ शकत नाही, पण वहीतून दिसणारे प्रमाण सांगतो. आमच्या रोख खर्चात किराण्याचा वाटा फार लहान आहे. सर्वांत मोठी रक्कम मजुरीची, म्हणजे बेणणी (तण काढणे), नारळ पाडणे, गडगा घालणे, कौले परतणे यांची. त्याखालोखाल दवाखाना आणि प्रवास. आणि त्यानंतर लग्न, बारसे, जत्रा, वर्गणी यांची. ही शेवटची रक्कम कधीही वाचवू नये. म्हणून पहिली पाच वर्षे शेतीतून एक रुपयाही येणार नाही असे धरून तेवढ्या वर्षांचा घरखर्च, आरोग्य विमा आणि एका मोठ्या दुरुस्तीची रक्कम बाजूला असेल तरच दोघांनी नोकरी सोडावी. तसे नसेल तर एकाने दोन-तीन वर्षे घरून करता येणारे काम चालू ठेवण्यात काहीच वावगे नाही.

मातीचे घर बांधायची घाई करू नका. बांधाल तेव्हा जोते चिऱ्याचे आणि किमान अडीच-तीन फूट उंच असावे, छपराची वळचण भिंतीच्या बाहेर तीन फूट तरी यावी, आणि पश्चिमेकडची भिंत पडवीने झाकलेली असावी. बाकीचे आपल्या भाड्याच्या घराचे गळके कोपरे आपल्याला एका पावसात शिकवतील.

आता नेमके काय करावे ते सांगतो. येत्या मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, विहिरी सर्वांत खाली असतात आणि रतांबे पिकलेले असतात तेव्हा, दोघांनी पंधरा दिवसांची रजा काढून या. तीन-चार वाड्यांत बंद घरांची चौकशी करा. प्रत्येक घरी आधी परसातल्या विहिरीवर जा, बरोबर फुटाफुटावर गाठ मारलेली दोरी असू द्या, आणि संध्याकाळी पाणी किती गाठींवर होते व सकाळी किती गाठींवर आले, हे लिहून घ्या. त्या घरात चूल कोण सारवत असे आणि पाणी कोठून भरत असे, ते शेजारच्या घरातल्या सर्वांत वयस्क बाईंना विचारा. त्या चहा ठेवतील, तोवर त्यांच्या खळ्यात वाळत घातलेली आमसुले उचलून ठेवायला हात लावा.